रात्री नळ बंद असतो तेव्हाचा दाब

फेब्रुवारीतल्या एका रात्री पावणेतीनच्या सुमारास बायकोनं मला हलवून उठवलं. "अहो, उठा बघू. बाथरूममध्ये पाणी वाजतंय." पत्र्यावर वळवाचा पाऊस आल्यासारखा एकसारखा आवाज येत होता. दार उघडलं तर बेसिनखालून निघालेली चिळकांडी समोरच्या टाइल्सवर आपटून सगळीकडं उडत होती. दिवा लावायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला, कारण गिझरचं बटण त्याच बोर्डावर आहे आणि बोर्ड भिजला होता. मोबाइलच्या उजेडात आधी घराचा मेन स्विच पाडला, मग पाण्याकडं वळलो.

बेसिनखालचा अँगल व्हॉल्व्ह, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी तिथल्या तिथं बंद करायचा छोटा व्हॉल्व्ह, जागचा हलेना. आम्ही राहायला आल्यापासून तो कुणी फिरवलाच नव्हता. डक्टमधला, म्हणजे पाईप उतरतात त्या उभ्या पोकळीतला, त्या लाइनचा गेट व्हॉल्व्ह गाठायचा तर शिडी लावा, माळ्यावरचं सामान उतरवा, मग हात आत घाला. तोही घट्ट बसलेला. पाईप पाना लावून तो फिरेपर्यंत वीस मिनिटं गेली. तोवर पाणी हॉलमधल्या सतरंजीपर्यंत पोचलं होतं आणि लेकीच्या पुस्तकांचा खालचा खण भिजला होता. दहावीच्या पोरीची पुस्तकं. ती पंख्याखाली एकेक पान सुटं करत बसली होती, ते बघून मला फार लागलं. म्हणून पुढचं सगळं सांगण्याआधी एवढं सांगतो: हे वाचून झालं की घरातला प्रत्येक अँगल व्हॉल्व्ह आणि मेन व्हॉल्व्ह एकदा बंद करून उघडून बघा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा. कोणता व्हॉल्व्ह कुठली लाइन बंद करतो हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. हायड्रॉलिक प्रेसचे पार्ट करतो, सव्वीस वर्षं झाली. फुटलेला कनेक्शन पाईप खिशात घालून सकाळी दुकानात गेलो आणि पहिल्यांदा तोच जॉब हातात घेतला. बाहेरून स्टीलच्या बारीक तारांची वेणी, आत काळा रबरी पाईप, दोन्ही टोकांना पितळी नट, आणि नटाजवळ वेणी आवळून धरणारं पत्र्याचं टोपण. टोपणापासून बोटभर अंतरावर वेणीच्या सात-आठ तारा तुटल्या होत्या. त्या फटीतून रबर बाहेर येऊन शेंगदाण्याएवढा फोड झाला होता आणि फोडाच्या टोकाला चीर पडली होती. रबर नखानं दाबलं तर दबत होतं, म्हणजे वाळून कडक झालेलं नव्हतं. तारांना गंज नव्हता. भिंगाखाली टोकं बघितली. तार एकदाच जोरात ताणून तुटली की टोकाशी बारीक होते, तिला मान पडते. पुन्हा पुन्हा ताण बसून तुटली की टोक सपाट राहतं. ही टोकं सपाट होती. त्या तारांना दिवसरात्र कुणीतरी ताणत आणि सोडत होतं.

प्लंबर आला, त्यानं पाईप बघितलासुद्धा नाही. "माल हलका होता साहेब, आता भारीतला टाकतो." टाकला. जाताना डक्टमधला व्हॉल्व्ह अर्ध्याच्या वर आवळून म्हणाला, "प्रेशर जरा जास्त वाटतंय तुमच्याकडं. कमी करून ठेवलंय, आता काय होत नाही." नळाची धार खरंच मऊ झाली होती. आम्ही निर्धास्त झालो. पाच आठवड्यांनी कमोडशेजारच्या जेट स्प्रेचा पाईप फुटला. दिवसा फुटला आणि घरात माणूस होतं, म्हणून निभावलं.

त्या दिवशी बायको जे बोलली त्यानं माझं डोकं चालायला लागलं. "दिवाळीपासनं हे सगळं सुरू झालंय बघा. गिझर गळतोय, वॉशिंग मशीन पाणी घेऊन थांबलं की भिंतीत धाड करून वाजतंय, फ्लशची टाकी भरताना शिट्टी मारतीया." खरं होतं. गिझरचा मेकॅनिक दोनदा सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून गेला होता. मशीनचा आवाज आम्ही मशीनचाच धरला होता. चार तक्रारी, चार वेगळी माणसं, आणि प्रत्येकानं आपापला पार्ट बदलला होता. पाण्याचा दाब मोजून मात्र कुणी बघितला नव्हता, मीही नाही. दुकानात गेज, म्हणजे दाब दाखवणारं घड्याळ, नसलेल्या प्रेसला मी हात लावत नाही. घरात गेज लावता येतो हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं.

मग गेज लावायचं ठरवलं. गेज दुकानात होता, शून्य ते दहा किलोचा, ग्लिसरीन भरलेला. ग्लिसरीननं काटा थरथरत नाही, नीट वाचता येतो. त्यात आणखी एक सोय होती: मुख्य काट्यापुढं एक लाल काटा. मुख्य काटा त्याला ढकलत वर नेतो आणि स्वतः खाली येतो, लाल काटा मात्र सगळ्यात वरच्या आकड्यावर थांबून राहतो. गेजचा आटा पाव इंची, अँगल व्हॉल्व्हच्या तोंडाचा अर्धा इंची. मधला जोड बाजारात मिळतो, पण पितळेचा षटकोनी बार समोरच पडला होता. लेथच्या चकात धरला, एका बाजूनं १९ एमएमचं ड्रिल मारून आटे पाडायचा अर्धा इंची टॅप फिरवला, इंचाला १४ आटे. दुसऱ्या बाजूनं ११.८ चं ड्रिल आणि पाव इंची टॅप, इंचाला १९ आटे. आत रबरी वॉशर, गेजच्या आट्यावर टेफ्लॉन टेप. अर्ध्या तासाचं काम. घरी जाऊन जेटच्या पाईपच्या जागी तो बसवला आणि व्हॉल्व्ह उघडला.

आकडे सांगण्याआधी मोजमाप सांगतो. आमच्याकडं दाब किलोत बोलतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलोचा भार. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो. पाईप जाड असो की बारीक, टाकी पाचशे लिटरची असो की पन्नास हजारांची, दाब फक्त उंचीवर ठरतो. आमची बिल्डिंग पार्किंग आणि वर नऊ मजले. आम्ही पहिल्या मजल्यावर. आमच्या नळापासून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यापर्यंत तीस मीटर धरा. म्हणजे आमच्याकडं तीन किलो यायला पाहिजे. नवव्या मजल्यावरच्या शॉवरला जेमतेम पाच मीटर मिळतात, म्हणजे अर्धा किलो.

माझ्या गेजनं रात्री साडेअकराला साडेपाच किलो दाखवला. बघत बसलो. काटा हळूहळू उतरत चार पूर्णांक आठवर आला आणि झटक्यानं परत साडेपाचवर गेला. पुन्हा उतरायला लागला. घड्याळ लावलं तर दर सहा-सात मिनिटांनी हे होत होतं. तीन किलो टाकीच्या उंचीचे. वरचे एक पूर्णांक आठ ते अडीच कुठून येतात? हे आकडे मला ओळखीचे होते. प्रेशर पंपाचा स्विच चालू आणि बंद होतो ते असेच आकडे असतात.

दिवाळीच्या आधी सोसायटीनं गच्चीवर प्रेशर पंप बसवला होता. आठव्या-नवव्या मजल्यावरच्या लोकांची तक्रार खरी होती, अर्ध्या किलोवर शॉवर चालत नाही. पण पंप बसवणाऱ्यानं तो टाकीतून निघणाऱ्या मुख्य लाइनवरच बसवला, जिच्यातून सगळ्या मजल्यांचे पाईप उतरतात. वरच्यांना अर्ध्याचे तीन किलो मिळाले, त्यांचं काम झालं. पंपानं घातलेले अडीच किलो खालीही तसेच आले आणि आमच्या तीन किलोंवर चढले. पंपापुढं एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, असतो, त्यामुळं पंप थांबला तरी दाब पाईपात कोंडून राहतो. कुठल्यातरी घरातली फ्लशची टाकी थोडी गळते, दाब उतरतो, पंप परत सुरू होतो. रात्रभर हेच. माझ्या वेणीच्या तारा याच खेळात तुटल्या. सहा-सात मिनिटांनी एक हिसका धरला तर दिवसाला दोनशेच्या वर होतात.

दुसऱ्या दिवशी लाल काटा मुख्य काट्याला टेकवून ठेवला आणि वॉशिंग मशीन लावलं. मशीनचा व्हॉल्व्ह बंद झाला, भिंतीत धाड झालं, मुख्य काटा उडून परत जागेवर आला. लाल काटा नऊवर उभा होता. धावतं पाणी एकदम अडवलं की त्याचा धक्का पाईपाला बसतो. दगडासारखं पाण्यालाही वजन आहे. लोखंडी पाईपात पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं चाललं असेल आणि क्षणात थांबवलं, तर दहा किलोच्या वर धक्का बसू शकतो. प्लास्टिकचा पाईप थोडा फुगून धक्का झेलतो, तिथं आकडा कमी येतो. पूर्वीचे नळ चार-पाच फेरे देऊन बंद व्हायचे, पाणी आपोआप हळू थांबायचं. आताचे पाव फेऱ्याचे नळ, मिक्सरचे दांडे आणि मशीनचे व्हॉल्व्ह टक्कन बंद होतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. प्लंबरनं व्हॉल्व्ह अर्धा आवळून "प्रेशर कमी केलं" म्हटलं होतं. मी नळ सोडून गेज बघितला: दीड किलो. नळ बंद केला. काटा सावकाश चढला, दोन, तीन, चार, साडेपाच. सगळा मिळून अर्धा मिनिटही लागला नाही. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बंद नळावर बघितलं, तरीही साडेपाच. आवळलेल्या व्हॉल्व्हमध्ये पाणी वाहताना घासतं आणि त्या घासण्यात दाब खर्च होतो. पाणी थांबलं की घासणं संपलं, आणि पलीकडचा सगळा दाब त्या बारीक फटीतूनही अलीकडं येऊन उभा राहतो. पाईप फुटतात ते असे, रात्री, सगळे नळ बंद असताना. धार मऊ आली म्हणजे दाब उतरला असं समजून किती घरं झोपत असतील, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

दाब खरोखर उतरवायचा तर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह लागतो, प्लंबर त्याला पीआरव्ही म्हणतात. पितळी बॉडी, आत स्प्रिंग आणि रबरी पडदा. नळाकडच्या बाजूचा दाब ठरवलेल्या आकड्याला पोचला की पडदा स्प्रिंग दाबतो आणि वाट बंद होते. नळ सोडला, दाब पडला, की स्प्रिंग वाट उघडते. पाणी थांबलेलं असतानाही तो आकडा धरून ठेवतो, यात त्याचं सगळं मोल आहे. वरच्या स्क्रूनं आकडा ठरवता येतो. घराला दोन ते तीन किलो भरपूर. मी लक्ष्मीपुरीतून पाऊण इंची आणला, गेजचं भोक असलेला मुद्दाम मागितला. त्याच्या आधी जाळीचा फिल्टर पाहिजेच, कारण वाळूचा एक कण सीटवर, म्हणजे वाट मिटते त्या कडेवर, बसला तरी वाट नीट बंद होत नाही आणि दाब हळूहळू चढतो. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड, घाला, नाहीतर दोन वर्षांनी साफ करायला काढताना पाईप कापावा लागेल. बॉडीवरचा बाण पाण्याच्या दिशेनं, हे सांगायला नको, पण उलटा बसवलेला मी एकाकडं बघितलाय. आकडा ठरवताना नळ बंद ठेवा आणि मग नळ सोडून बघा. थोडा उतरणारच, फार उतरला तर व्हॉल्व्ह लहान पडतोय.

फ्लॅटमध्ये एक अडचण येते जी बैठ्या घरात येत नाही. गच्चीवरून प्रत्येक बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या डक्टमधून वेगळा पाईप उतरतो. आमच्या एका घरात पाणी तीन ठिकाणांहून येतं. तीन पीआरव्ही घालणं परवडणारं नव्हतं, म्हणून गिझर आणि मशीन ज्या बाथरूमच्या लाइनवर आहेत तिथं एक घातला, आणि बाकीच्यासाठी सोसायटीत विषय काढला.

गिझरबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण इथं जिवाशी गाठ आहे. गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह असतो तो पाणी मागं जाऊ देत नाही आणि दाब हद्दीबाहेर गेला की बाजूच्या बारीक तोंडातून सोडून देतो. कोल्हापूरकराला हे समजायला सोपं आहे. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक उंचीला आलं की माणसाच्या हाताशिवाय उघडतात आणि उतरलं की मिटतात. गिझरचा व्हॉल्व्ह म्हणजे तसाच छोटा दरवाजा. पाणी तापलं की फुगतं, बंद टाकीत दाब वाढतो. मुळात तीन किलो असले तर व्हॉल्व्हला बरीच जागा उरते. मुळातच साडेपाच असले तर तापता तापता हद्द गाठली जाते आणि गळायला लागतं. आमचे दोन्ही बदललेले व्हॉल्व्ह चांगले होते, ते आपलं काम करत होते. मेकॅनिकनं दुसऱ्या खेपेला सुचवलं होतं की "एवढं गळतंय तर तोंडाला बूच मारू या". बायकोनं ते करू दिलं नाही. वाट बंद केलेला गिझर फुटू शकतो. कुणी असं सुचवलं तर त्या माणसाला पुढं काम करू देऊ नका. गळतंय तर आधी दाब मोजा.

सोसायटीच्या मीटिंगला गेज घेऊनच गेलो. सुरुवातीला सूर निघाला की काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी आल्यापासून प्रेशर वाढलंय. ते आमच्या बाबतीत शक्य नाही. बाहेरचं पाणी आमच्या जमिनीतल्या टाकीत पडतं आणि उघड्या टाकीत पडलं की त्याचा दाब तिथंच संपतो. पुढं मोटरीनं ते गच्चीवर जातं आणि घराला येतो तो गच्चीच्या उंचीचा दाब. ज्या बैठ्या घरांचे नळ थेट बाहेरच्या लाइनवर आहेत त्यांची गोष्ट वेगळी. तिथं वस्ती झोपली, वापर थांबला की रात्री दाब चढतो, आणि सखल भागात जास्त चढतो. त्यांनी रात्रीचा गेज बघावाच.

नवव्या मजल्यावरचे सर आधी नाराज होते. "म्हणजे आमचा पंप काढणार?" मी म्हटलं, "सर, पंप तुमचाच राहू दे. फक्त तुमच्या दोन मजल्यांना वेगळी लाइन ओढू. बाकी सात मजले टाकीच्या उंचीवर चालतात." मग सगळ्यांना पार्किंगमधल्या नळावर नेऊन गेज लावून दाखवला. तिथं आणखी तीन-चार मीटर खाली असल्यामुळं पाच पूर्णांक आठ दाखवत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आमच्या किचनमधलं फिल्टरचं मशीन दोनदा लिकेज झालं, ते ह्यानंच काय?" खात्रीनं सांगता येत नाही, पण त्यांच्याकडं मोजलं तर पाच पूर्णांक दोन होतं, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून त्यांना उत्तर मिळालं होतं. वेगळ्या लाइनचं काम मंजूर झालं.

याच दरम्यान गावाकडून मेव्हण्याचा फोन. "दाजी, रातीत मेनलाइन उडाली. तीन ठिकाणी जॉइंट सुटलाय, उसात तळं झालंय." मी रविवारी गेज घेऊन गेलो.

त्याचा भोगावतीकाठच्या गावात दोन एकर ऊस आहे, विहिरीवर साडेसात एचपीची मोटर आणि ठिबक. दोन एकराचे वीस-वीस गुंठ्यांचे चार भाग, प्रत्येक भागाला वेगळा व्हॉल्व्ह, एका वेळी एकच भाग चालवायचा. तिथं पोचल्यावर पहिल्यांदा दिसलं ते सरीसरीतून उपटून निघालेले रबरी ग्रोमेट. मुख्य नळीच्या भोकात ग्रोमेट बसतो आणि त्यातून ठिबकची नळी निघते. दाब चढला की पहिल्यांदा तो सुटतो, मग नळीची शेवटाची टोपणं उडतात. तो रोज दहा-बारा बसवत होता. त्यानं सवयीनं काय केलं होतं? मोटरीजवळचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवला होता. घरचंच दुखणं शेतात.

बांधावर बसून हिशोब मांडला. पाच फुटी सरी म्हणजे एकरात साधारण २,६०० मीटर नळी. दर ४० सेंटिमीटरला एक ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारं तोंड, धरला तर साडेसहा हजार ड्रिपर. एक ड्रिपर एका किलो दाबाला तासाला चार लिटर सोडतो, म्हणजे एकराला तासाला २६ हजार लिटर. वीस गुंठ्याला त्याच्या निम्मे. त्याची मोटर एकरभर सहज भागवते आणि तो तिला निम्मं तोंड देत होता. मोटरीला पाणी जायला जागा कमी मिळाली की ती दाब वाढवते. फिल्टरनंतर गेज लावला, एक भाग चालू: दोन पूर्णांक सहा. दुसऱ्या भागाचाही व्हॉल्व्ह उघडला: एक पूर्णांक तीन. एक पैसाही न घालता निम्मं काम झालं. ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळानं वाढतं, दुप्पट दाबाला चारचे साडेपाच-पावणेसहा लिटर, दुप्पट नव्हे. त्यामुळं दुप्पट दाबानं ऊस दुप्पट लवकर भिजतो हा समज खरा नाही, नळ्या मात्र लवकर सुटतात. त्याच्या शेताला उतार आहे, वरच्या बांधापासून खालच्या टोकापर्यंत आठ मीटर. खालच्या नळ्यांना पाऊण किलो आपोआप जास्त मिळतो. म्हणून वरचा एक आणि खालचा एक भाग एकत्र न चालवता वरचे दोन एकत्र, खालचे दोन एकत्र अशी जोडी लावली आणि खालच्यांच्या वेळी बायपास थोडा जास्त उघडायचा असं ठरलं. बायपास म्हणजे जादा पाणी परत विहिरीत सोडणारा फाटा. त्याच्याकडं तो बसवलेला होता, आणि पाणी वाया जातं म्हणून त्याच्या वडलांनी बंद करून ठेवला होता. पाणी विहिरीतच परत जातं हे त्यांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विहिरीच्या कठड्यावर नेऊन दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे की उघडा."

मेनलाइन रात्री का उडाली ते मोटरीच्या पेटीत सापडलं. आठवड्याच्या पाळीनं शेतीची लाइट रात्रीची होती आणि स्टार्टर ऑटोवर होता. संध्याकाळी त्यानं चारही भागांचे व्हॉल्व्ह बंद केले, ऑटो तसाच राहिला. रात्री लाइट आली, मोटर पूर्ण ताकदीनं सुरू झाली आणि पुढं सगळं बंद. त्यात लाइनीचा एक तुकडा जुना, त्यावर अडीच किलोचा शिक्का, बाकीचा चार किलोचा. पाईपावर हा आकडा छापलेला असतो, घेताना वाचून घ्या आणि एका लाइनीत कमी आकड्याचा तुकडा घालू नका. आता तिथं नियम केलेत: मोटर सुरू करण्याआधी बायपास उघडा, रिकामा पाईप सावकाश भरू द्या म्हणजे आतली हवा निघून जाते, आणि भाग बदलताना पुढचा व्हॉल्व्ह आधी उघडा, मग मागचा बंद करा. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन गेज कायमचे बसवले. दोघांतला फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायचा. मेव्हणा पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी दोन्ही गेजचे फोटो पाठवत होता.

आमच्या बिल्डिंगची वेगळी लाइन मे महिन्यात पूर्ण झाली. पहिल्या रात्री साडेअकराला गेज बघितला: तीन. पहाटे उठून बघितला: तीन. काटा हलत नव्हता. गिझरखाली ठेवलेली बादली आता कोरडी असते. मशीन अजून वाजतं, पण धाड नाही, ठक असा आवाज येतो. लाल काटा सहाच्या जरा खाली थांबतो. डक्टमध्ये त्या पाईपाला दोन मजल्यांत मिळून एकच क्लॅम्प आहे, पाईप मोकळा हलतो. पट्टी कापून ठेवली आहे, येत्या रविवारी आणखी तीन क्लॅम्प मारायचे आहेत.